गिरणीच्या दारात कायदा नेणारा उमराव

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश संसदेत गिरणीतल्या मुलांसाठी सातत्याने झगडणारा माणूस कामगार नव्हता, समाजवादी नव्हता आणि सार्वत्रिक मताधिकारावर त्याचा विश्वासही नव्हता. अँथनी ॲशली-कूपर (१८०१-१८८५) हा डॉर्सेट परगण्यातील जमीनदार घराण्याचा थोरला मुलगा होता आणि वडिलांच्या निधनानंतर १८५१ मध्ये तो शाफ्ट्सबरीचा सातवा अर्ल झाला. अर्ल ही वंशपरंपरेने चालणारी पदवी असून ती धारण करणाऱ्याला त्या काळी उमरावांच्या सभागृहात, म्हणजे लॉर्ड सभेत, जन्मसिद्ध जागा मिळत असे. वारसाला मात्र तोपर्यंत केवळ मानाची उपाधी असल्याने कॉमन्स सभेची निवडणूक लढवता येई, आणि म्हणूनच तो १८२६ पासून ‘लॉर्ड ॲशली’ या नावाने तेथे बसू शकला.

आईवडिलांच्या मायेला पारख्या झालेल्या या मुलाला मारिया मिलिस या घरातील सेविकेने प्रार्थना शिकवल्या आणि त्यातून रुजलेली इव्हँजेलिकल श्रद्धा, म्हणजे बायबलला प्रमाण मानून सेवेला कर्तव्य समजणारी प्रॉटेस्टंट निष्ठा, त्याच्या साऱ्या राजकारणाचा पाया ठरली. संसदेतले त्याचे पहिले मोठे काम वेड्यांच्या इस्पितळांविषयीचे होते आणि १८४५ मध्ये स्थापन झालेल्या मनोरुग्ण आयोगाचे अध्यक्षपद त्याने मरेपर्यंत सांभाळले.

कापड गिरण्यांत कामाचे तास दहावर आणण्याच्या चळवळीचे संसदेतील नेतृत्व त्याच्याकडे १८३३ मध्ये आले. त्या वर्षीच्या कायद्याने बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली आणि सरकारी निरीक्षक नेमले, पण दहा तासांची मर्यादा काही मिळाली नाही. मग त्याच्या आग्रहावरून १८४० मध्ये नेमलेल्या आयोगाने कोळशाच्या खाणींची पाहणी केली. हवा खेळती ठेवण्यासाठी भुयारात दारे बसवलेली असत आणि कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचे, ती गेली की बंद होऊ द्यायचे, एवढ्यासाठी लहान मुले काळोखात एकेकटी बारा-बारा तास बसून राहत. काही खाणींत स्त्रिया आणि मुली कमरेला पट्टा बांधून, दोन्ही पायांमधून साखळी घेऊन, हातापायांवर रांगत गाड्या ओढत. अहवालात ही दृश्ये चित्रांसह छापली गेल्यामुळे देश हादरला आणि १८४२ च्या कायद्याने स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना भूमिगत कामास मज्जाव झाला.

येथे त्याच्या विचारातील धागा नीट समजून घ्यावा लागतो. मजूर आणि मालक यांच्यातील करारात सरकारने पडू नये, असे गिरणीमालक व अनेक अर्थशास्त्रज्ञ म्हणत. ज्याच्या आधाराने दुबळे जगतात त्याच्यावर त्यांची जबाबदारी असते, ही जुन्या जमीनदारीतील कल्पना शाफ्ट्सबरीने त्यावर उत्तर म्हणून मांडली. या करुणेत वरून खाली पाहणारी दृष्टी होती, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही कारखान्याच्या आत काय चालते हे पाहण्याचा अधिकार शासनाला मिळाला, तो त्याच्यासारख्या सुधारकांच्या रेट्यामुळेच. तत्त्वापायी किंमत मोजण्याची त्याची तयारीही होती. परदेशी धान्यावरील जकात उठवावी असे मत झाल्यावर, जकातीच्या बाजूने निवडून दिलेल्या डॉर्सेटच्या मतदारांशी प्रतारणा नको म्हणून त्याने १८४६ मध्ये जागा सोडली आणि त्यामुळे १८४७ मध्ये स्त्रिया व तरुण मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला, तेव्हा तो सभागृहात नव्हता. ते विधेयक जॉन फील्डन याने पार पाडले.

उतारवयात त्याची नजर मुंबईकडे वळली आणि १८७५ व १८७९ मध्ये त्याने लॉर्ड सभेत तेथील गिरण्यांतील मुलांचा प्रश्न मांडला. मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती घेतलेल्या इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही तेथील गिरण्यांवर निर्बंध हवेच होते, त्यामुळे मुंबईतील गिरणीमालकांनी त्यात स्पर्धकांचा डाव पाहिला आणि तो संशय निराधार नव्हता. पण मुलांची दैना त्यामुळे खोटी ठरत नाही. १८८१ च्या भारतीय कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगारांच्या तासांना मात्र त्यात हात लावला नव्हता. त्यांच्या आठवड्याच्या सुट्टीची मागणी १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या कामगारांना संघटित करून पुढे आणली आणि मुंबईच्या गिरणीमालकांनी ती १८९० मध्ये मान्य केली.