शुक्रवारचं परीक्षण, बारावीचे चार गुण

महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत चौथा प्रश्न लेखनकौशल्याचा असतो. त्याच्या शेवटच्या उपप्रश्नात ब्लॉग आणि आवाहन यांच्या जोडीला एक पर्याय येतो: तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाचं परीक्षण लिहा. कथानक, पात्रं, संगीत, दिग्दर्शन असे मुद्दे सोबत दिलेले असतात. गुण चार. २०२० साली बारावीचं नवं ‘युवकभारती’ आलं, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या मुलांच्या वाट्याला आहे.

मुलुंडचं वझे-केळकर घ्या, अंधेरीचं भवन्स घ्या किंवा बोरिवली-घाटकोपरचं कुठलंही कनिष्ठ महाविद्यालय. मराठी माध्यमातून दहावी होऊन आलेलं मूल या प्रश्नावर एक हमखास उपाय काढतं. गाईडमधलं तयार परीक्षण घोकायचं आणि कुठलाही चित्रपट आला तरी नाव बदलून तेच उतरवायचं. क्लासचे सरही फारसे अडवत नाहीत. चार गुणांसाठी कोण डोकं लावणार?

मला यात गुणांपेक्षा मोठी गोष्ट हातची जाते असं वाटतं. इंग्रजी शब्द आपलेसे करायला चित्रपटाचं परीक्षण हे फार उपयोगी वाचन आहे, आणि त्यातही सहकुटुंब पाहण्याच्या ॲनिमेशनपटांचं परीक्षण. कारण साधं आहे. गोष्ट मुलांना आधीच ठाऊक असते, आणि ती बहुधा हिंदीतून ठाऊक असते.

उपनगरातल्या मराठी घरांत ही सवय जुनी आहे. आज चाळिशीत असलेले आईबाप १९९३ साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ बघायला रविवारी सकाळी टीव्हीसमोर ठाण मांडून बसत. त्यातला शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरायचा. २००४ मध्ये ‘द इन्क्रेडिबल्स’ हिंदीत ‘हम हैं लाजवाब’ होऊन आला, तेव्हा शाहरुख खानबरोबर त्याच्या मुलानंही आवाज दिला होता. परदेशी चित्रपटांना हिंदी आवाज देण्याचा हा उद्योग बराचसा अंधेरीच्या पश्चिमेलाच वाढला. म्हणजे जगभर गाजलेली गोष्ट ओशिवऱ्याच्या आसपासच्या एखाद्या स्टुडिओत हिंदी होते आणि दोन-चार स्टेशनं पलीकडच्या घरात पोचते. मुलाला ‘फाइंडिंग नीमो’तला छोटा मासा हरवल्याचं, बापानं समुद्र पालथा घातल्याचं सगळं माहीत असतं. फक्त त्या गोष्टीविषयी इंग्रजीत बोलायचे शब्द त्याच्याजवळ नसतात.

मग थेट इंग्रजीतून चित्रपटच का दाखवू नये? बरेच पालक तेच करतात. लहान मुलांचा सिनेमा, म्हणजे इंग्रजी सोपं असणार, असा हिशेब असतो. हा हिशेब चुकतो.

शब्द मोजून भाषा शिकवण्याचं काम आपल्याच उपखंडात जोमानं झालं. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून नेमके कोणते शब्द आधी शिकवावेत, या प्रश्नानं त्यांना पछाडलं. त्यातूनच पुढे १९५३ मध्ये साधारण दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी आली. तोच धागा न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी पुढे नेला. २००६ मध्ये त्यांनी ‘श्रेक’ या चित्रपटातले संवाद शब्दशः मोजले. (सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर सुरू झालं, तेव्हा पहिलं मिळालं ते या ‘श्रेक’लाच.) मोजताना त्यांनी शब्दांची कुटुंबं धरली. हेल्प, हेल्पर, हेल्पफुल, हेल्पलेस हे सगळे मिळून एक कुटुंब. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द कळले तर अडखळणं थांबतं, असं मानलं जातं. ‘श्रेक’साठी तेवढी मजल मारायला सुमारे सात हजार शब्दकुटुंबं यावी लागतात, असं निघालं. वर्तमानपत्र आणि कादंबरीसाठी हाच आकडा आठ ते नऊ हजार. म्हणजे तो हिरवा राक्षस आणि त्याचं बडबडं गाढव हे वर्तमानपत्रापेक्षा फार सोपं बोलतच नाहीत. २००९ मध्ये वेब आणि रॉजर्स या दोघांनी तब्बल ३१८ चित्रपट तपासले. त्यांची सरासरीही सहा हजारांच्या घरात गेली.

त्यात पडद्यावरचं बोलणं थांबत नाही. शब्द कानावरून जातो, चित्र पुढे सरकतं, मूल हसतं आणि शब्द निसटतो. खाली अक्षरं दिसली तर फरक पडतो, हे खरं. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हाच ध्यास घेतला. गाणं ज्या भाषेत, अक्षरंही त्याच भाषेत, ही त्यांची कल्पना पुढे ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’पर्यंत पोचली. पण सबटायटलही धावतंच. थांबून परत मागे जायची सोय कागदावर असते, आणि म्हणून मी परीक्षणाकडे येतो.

आता कोणी म्हणेल, परीक्षण तर मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी लिहिलेलं असतं, ते चित्रपटाहून अवघड. बरोबर आहे. मुलांच्या चित्रपटाचं परीक्षणही आईबापांनाच उद्देशून असतं: तिकिटाचे पैसे वसूल होतील का, धाकटं घाबरेल का, दोन तास बसवेल का. म्हणून पाचवीच्या मुलासमोर ते ठेवू नये. आठवीपासून पुढे, आणि मुख्य म्हणजे ज्यांना स्वतःचं इंग्रजी कच्चं वाटतं अशा आईबापांसाठी ते योग्य. आठशे शब्दांच्या परीक्षणात वीसात एक शब्द अडला तरी चाळीस अनोळखी शब्द होतात. हा आकडा घाबरवणारा वाटतो खरा, पण हे शब्द विखुरलेले नसतात. परीक्षण लिहिणाऱ्यांचा शब्दांचा डबा फार मोठा नाही, तेच मसाले पुन्हा पुन्हा निघतात. प्लॉट, सीक्वेल, व्हॉइस कास्ट, पेस, प्रेडिक्टेबल, हार्टवॉर्मिंग, चार्मिंग, क्लमझी. चार परीक्षणं वाचली की पाचव्यात हे ओळखीचे होऊन येतात.

स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषातज्ज्ञांनी याच तत्त्वाचा पुरस्कार केला. नवशिक्यानं दहा विषयांवरचे दहा लेख वाचण्यापेक्षा एकाच विषयावरचं किंवा एकाच लेखकाचं भरपूर वाचावं, कारण मग संदर्भ ओळखीचा राहतो आणि शब्द परत परत भेटतात. एका चित्रपटाची तीन परीक्षणं म्हणजे नेमकं हेच. ‘इनसाइड आउट’ घ्या. २०१५ च्या पहिल्या भागात एका मुलीच्या डोक्यातले आनंद, दुःख, भीती, राग आणि किळस हीच पात्रं होती. २०२४ च्या दुसऱ्या भागात अँग्झायटी, एन्व्ही, एम्बॅरेसमेंट आणि एनुई ही नवी मंडळी आली. या चित्रपटाविषयी कोणीही काहीही लिहो, हे शब्द टाळून त्याला पुढे जाता येत नाही. तिसऱ्या परीक्षणापर्यंत अँग्झायटीसाठी शब्दकोश उघडावा लागत नाही, कारण ती नारिंगी केसांची, सतत धास्तावलेली पोरगी डोळ्यांसमोर उभी असते.

शब्दांखेरीज आणखी दोन गोष्टी परीक्षणातून फुकट मिळतात. एक म्हणजे काळ. इंग्रजी परीक्षक गोष्ट सांगतो ती साध्या वर्तमानकाळात: बाप मुलाला शोधायला निघतो, वाटेत विसराळू मासोळी भेटते. आपली मुलं मात्र सगळं भूतकाळात लिहितात. दुसरी गोष्ट ‘पण’ची. चांगलं परीक्षण कुठे तरी वळतं. आधी कौतुक, मग हाउएव्हर किंवा दो, आणि मग तक्रार. मत मांडायचं, पण तोल ठेवून, हे या एका वळणावर कळतं. घोकलेल्या उत्तरात हे वळण कधीच नसतं, तिथे सगळंच सुपर्ब असतं.

वाचायचं कुठे? इंग्रजी वर्तमानपत्रांत चित्रपट लागतो त्या सुमारास परीक्षणं येतातच. इंटरनेटवर ‘रॉटन टोमॅटोज’ ही साइट जगभरची परीक्षणं एकत्र करते आणि साठ टक्के किंवा अधिक परीक्षकांना चित्रपट आवडला तर त्याला ‘फ्रेश’ ठरवते. तिथल्या एकेका ओळीच्या मतांपासून सुरुवात करणं नवख्याला सोपं. २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘कॉमन सेन्स मीडिया’ ही संस्था खास पालकांसाठी लिहिते, वयानुसार सल्ला देते, आणि तिची भाषा सरळ असते. शिकागोचे रॉजर एबर्ट हे यातले दादा माणूस. वाक्यं छोटी, मत ठाम. त्यांची जुनी परीक्षणं आजही इंटरनेटवर मोकळी आहेत. हे सगळं पचल्यावर ‘रॅटाटूई’ पाहावा. २००७ चा हा चित्रपट एका उंदराच्या स्वयंपाकाचा आहे, पण त्याचा कळस आहे तो एका खडूस समीक्षकानं लिहिलेलं परीक्षण. पीटर ओटूल यांनी ते ज्या आवाजात वाचलं आहे, त्यासाठी तरी इंग्रजी आवृत्ती लावा.

पद्धत फार नको. आधी चित्रपट पाहा, हिंदीतून पाहिला तरी चालेल. मग एक परीक्षण शब्दकोश न उघडता शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या वाचनात पाच-सहाच शब्द निवडा, आणि तेही परीक्षकानं मत देण्यासाठी वापरलेले. पात्रांची नावं, हत्यारांची नावं, माशांच्या जाती सोडून द्या. शब्द वाक्यासकट वहीत उतरवा. त्यानंतर त्याच चित्रपटाचं दुसरं परीक्षण, शक्यतो पहिल्याच्या उलट मताचं. दोघांपैकी कोणाचं पटतं यावर घरात मराठीतून भांडा. हे भांडण जमलं की लिहिणं अवघड राहत नाही.

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि दिवाळीची सुट्टी आता हाताशी आहे. फराळ झाला की घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलाकडून त्याच्या आवडत्या ॲनिमेशनपटाचं दीडशे शब्दांचं परीक्षण लिहून घ्या, आणि त्यात एक तरी तक्रार असलीच पाहिजे अशी अट घाला.