ऑनलाइन ऑटिझम टेस्टमध्ये ३४ गुण आले, म्हणजे नेमकं काय?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या वरवंडसारख्या गावात बसून मोबाईलवर 'ऑटिझम टेस्ट' शोधली, तर काही सेकंदांत प्रश्नावली उघडते आणि दहा मिनिटांत एक आकडा हातात येतो. प्रत्यक्ष तज्ज्ञाला भेटायचं तर मात्र बहुतेकांना पुण्याला जावं लागतं. त्यामुळे रील पाहून स्वतःबद्दल शंका आलेला तरुण असो, किंवा दोन वर्षांचं मूल हाक मारल्यावर वळत नाही म्हणून काळजीत पडलेली आई, सुरुवात अनेकदा ऑनलाइन टेस्टनेच होते. पण आलेल्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा?

या टेस्ट कुठून आल्या?

मोठ्यांसाठीची सर्वांत प्रसिद्ध टेस्ट म्हणजे 'एक्यू'. केंब्रिज विद्यापीठातले सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ५० विधानं आहेत आणि ३२ किंवा त्याहून जास्त गुण आले, तर पुढे तपासणी करावी असं सुचवलं जातं. 'थोडंफार पटतं' आणि 'पूर्ण पटतं' या दोन्ही उत्तरांना सारखाच एक गुण मिळतो. म्हणजे त्रास किती तीव्र आहे, हे हा आकडा सांगत नाही. याच टेस्टची १० प्रश्नांची छोटी आवृत्ती २०१२ मध्ये आली.

या टेस्ट चाळणीसारख्या आहेत. कुणाची सविस्तर तपासणी करायला हवी, एवढंच त्या सांगतात. निदान करणं हे त्यांचं काम नाही.

३२ च्या वर गुण आले म्हणजे ऑटिझम आहे का?

मूळ अभ्यासात निदान झालेल्या ऑटिस्टिक प्रौढांपैकी ८० टक्के लोकांना ३२ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले. इतर लोकांमध्ये हे प्रमाण फक्त २ टक्के होतं. ऐकायला हे भक्कम वाटतं, पण हिशेब करून पाहा.

समजा, १,००० लोकांनी टेस्ट दिली आणि त्यांच्यात दर शंभरी एक, म्हणजे १० जण ऑटिस्टिक आहेत. त्यातले ८ जण रेषेच्या वर जातील. उरलेल्या ९९० पैकी २ टक्के, म्हणजे साधारण २० जणही वर जातील. एकूण २८ जणांचे गुण जास्त आले, पण प्रत्यक्ष ऑटिस्टिक त्यातले ८. टेस्ट देणाऱ्यांना आधीपासूनच ठोस कारणाने शंका असेल, तर हे चित्र बदलतं. तरीही नुसता आकडा पुरेसा ठरत नाही.

गुण वाढण्याची इतर कारणंही असतात. सततची चिंता, लोकांमध्ये मिसळायची भीती, नैराश्य किंवा एडीएचडी असलेली व्यक्तीही गर्दी टाळते, बोलताना अडखळते आणि ठरलेलं वेळापत्रक बदललं की अस्वस्थ होते.

प्रश्न कुणाच्या जगातले आहेत?

एक्यूमध्ये नाटकाला जाणं आवडतं की संग्रहालयात, अशा आशयाचा एक प्रश्न आहे. गाड्यांच्या नंबर प्लेटकडे लक्ष जातं का, असाही एक आहे. वरवंडजवळच पाटसचा भीमा साखर कारखाना आहे. अशा कारखान्यात उसाच्या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्याचं नंबर प्लेटकडे लक्ष जाणं हा कामाचाच भाग आहे. ज्या घरात मोठ्यांच्या नजरेला नजर देणं उद्धटपणाचं मानतात, तिथे नजर टाळण्याचा अर्थही वेगळा होतो. इंग्रजी प्रश्नाचं भाषांतर मोबाईलने आपोआप केलं असेल, तर गोंधळ आणखी वाढतो.

कमी गुण आले तर निश्चिंत व्हायचं का?

तसंही नाही. लंडनमधल्या एका तज्ज्ञ केंद्रात तपासणीसाठी आलेल्या प्रौढांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एक्यूच्या छोट्या आवृत्तीत रेषेखाली गुण आलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांना तपासणीअंती ऑटिझम असल्याचं आढळलं. अनेक जण, विशेषतः स्त्रिया, वर्षानुवर्षं इतरांचं पाहून वागायला शिकतात. त्यांच्या अडचणी वरवर दिसत नाहीत आणि उत्तरांतही उतरत नाहीत.

लहान मुलांचं काय?

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' ही २० प्रश्नांची चाचणी आहे. २ पर्यंत गुण म्हणजे कमी शक्यता, ३ ते ७ मध्यम, ८ आणि पुढे जास्त. मध्यम गुण आले, तर प्रशिक्षित व्यक्तीने पालकांना नेमके प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. ऑनलाइन भरताना नेमका हाच टप्पा सुटतो.

अमेरिकेत सुमारे १६,००० मुलांवर झालेल्या अभ्यासात (२०१४) दोन्ही टप्प्यांत शंका कायम राहिलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ऑटिझम होता. पण ९५ टक्के मुलांमध्ये विकासाशी संबंधित काही ना काही अडचण होती. म्हणून 'याचे वडीलही उशिराच बोलले होते' असं म्हणत वर्ष घालवू नये. ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी, कारण ऐकू कमी येत असेल तरी मूल हाकेला वळत नाही.

मग निदान होतं कसं?

ऑटिझमसाठी रक्ततपासणी किंवा एमआरआयसारखी चाचणी नाही. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बालपणापासूनचा इतिहास ऐकतात, निरीक्षण करतात आणि या वैशिष्ट्यांमुळे रोजच्या जगण्यात अडचण येते का, ते तपासतात.

दौंड तालुक्यातल्या पालकांनी अंगणवाडीपासून सुरुवात करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळेत मुलं तपासतात आणि गरजेनुसार पुढे पाठवतात. प्रौढांना पुण्यात ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाता येतं. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी 'आयएसएए' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आणि २०० पर्यंत गुण असतात. ७० पेक्षा कमी गुण आले, तर ऑटिझम नाही असं धरतात. हे गुण तज्ज्ञच देतात, ऑनलाइन निकालाची प्रिंट इथे चालत नाही.

निकाल हातात आहे, आता काय करावं?

आकड्याऐवजी उत्तरं जपून ठेवा. ज्या प्रश्नांना 'हो' म्हटलं, त्यांच्यापुढे स्वतःच्या आयुष्यातलं एकेक उदाहरण लिहा: हे लहानपणापासून आहे का, घरी आणि कामावर दोन्हीकडे होतं का, त्याने काय अडतं. आईवडिलांना विचारून बालपणीच्या गोष्टी टिपून घ्या. मुलाचे दोन-तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा. तज्ज्ञांना आकड्यापेक्षा या कागदाचा जास्त उपयोग होतो.

टेस्टच्या शेवटी एखादी वेबसाइट 'बरं करणारा' उपचार विकत असेल, तर तिथून बाहेर पडा. ऑटिझम पूर्ण घालवणारं औषध नाही. मात्र बोलणं, संवाद आणि रोजची कामं यांसाठीची मदत लवकर सुरू झाली, तर फायदा होतो. त्या मदतीसाठी निदानाचा शिक्का बसेपर्यंत थांबायची गरज नसते. मूल बोलत नसेल, तर वाणीउपचार आजही सुरू करता येतात.