खालच्या पट्टीतला डेव्ह

सॅम मूर या गायकाचे १० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात वयाच्या ८९ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर जे मृत्युलेख लिहिले गेले त्यांत 'सॅम आणि डेव्ह' या जोडीचा उल्लेख होता, तिच्या गाण्यांची नावे होती. परंतु साहजिकच बहुतेक भर सॅमवर होता. मृत्युलेख एकाचाच असतो. जोडीतला दुसरा, डेव्ह प्रेटर, १९८८ सालीच मोटार-अपघातात गेला होता. मधल्या ३७ वर्षांत सॅम बोलत राहिला, गात राहिला, मुलाखती देत राहिला, आणि या जोडीची जी हकीकत आज जगाला ठाऊक आहे ती मुख्यतः त्याने सांगितलेली आहे. ती खोटी आहे असे सुचवावयाचे नाही. पण ज्या संगीतामुळे ही दोन नावे टिकली ते संगीत मात्र एका आवाजाचे नव्हते, आणि वरच्या पट्टीतील आवाजाचे कौतुक करताना खालच्या पट्टीतील आवाजाचा विसर पडावा हे त्या संगीताला न्याय देणारे नाही. (जगाने या दोघांना आडनावे कधी दिलीच नाहीत, तेव्हा येथेही त्यांना नावानेच संबोधणे बरे.)

'सोल' या नावाने ओळखले जाणारे गाणे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून बाहेर आले. चर्चमध्ये उपदेशक एक ओळ उच्चारतो, समुदाय तिला उत्तर देतो, उत्तरातून पुढची ओळ निघते, आणि हळूहळू उपदेश कोठे संपला व गाणे कोठे सुरू झाले हे सांगणे अशक्य होते. कीर्तनात बुवांच्या तोंडचा चरण टाळकऱ्यांनी उचलून धरलेला ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा प्रकार अगदीच परका वाटणार नाही. पन्नासच्या दशकात रे चार्ल्सप्रभृती गायकांनी भक्तिगीतांचा हा ढंग उचलून त्यात प्रेमाचे, विरहाचे, संसारातील भांडणांचे शब्द घातले. धर्मनिष्ठांना तो अधर्म वाटला, तरुणांना मात्र तो आपला आवाज वाटला.

सॅम आणि डेव्ह हे दोघेही या चर्चचेच. सॅमचा जन्म १९३५ चा, मायामीचा. डेव्हचा १९३७ चा, जॉर्जिया राज्यातील ओसिला या लहानशा गावचा. सॅम 'मेलियनेअर्स' या भजनी संघात गात असे, डेव्ह आपल्या भावाबरोबर 'सेन्सेशनल हमिंगबर्ड्स' या संघात. १९६१ साली मायामीतील 'किंग ऑफ हार्ट्स' नावाच्या क्लबात हौशी गायकांच्या रात्री सूत्रसंचालनाचे काम सॅमकडे होते, आणि पोटासाठी स्वयंपाकघरात राबणारा डेव्ह तेथे गाण्यासाठी आला. त्याने जॅकी विल्सनचे एक गाणे धरले, पण त्याला सगळी कडवी येत नव्हती. तेव्हा सॅमने शेजारी उभे राहून त्याला शब्द पुरवले. मध्येच डेव्हचा पाय ध्वनिक्षेपकाच्या तारेत अडकला, तो पडता पडता सॅमने त्यालाही सावरले आणि ध्वनिक्षेपकही झेलला, गाणे मात्र थांबू दिले नाही. श्रोत्यांना वाटले की हा सारा ठरवून बसवलेला खेळ आहे. त्यांनी क्लब डोक्यावर घेतला. अशा गोष्टी सांगता सांगता रंगत जातात हे मान्य, पण एकाने दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालावा व दुसऱ्याने तो आपला करून गावा, ही जी रीत त्या रात्री पडली तीच पुढे त्यांच्या साऱ्या गाण्यांची रीत झाली.

पहिली काही वर्षे विशेष काही घडले नाही. 'रूलेट' या कंपनीसाठी त्यांनी केलेल्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत. १९६४ साली 'अटलांटिक' कंपनीच्या जेरी वेक्सलरने त्यांना करारबद्ध केले आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांना न्यूयॉर्कमध्ये ठेवून न घेता टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे 'स्टॅक्स' या लहान कंपनीकडे जणू उसने दिले.

हे 'स्टॅक्स' प्रकरण मोठे विलक्षण होते. जिम स्ट्यूअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन या दोघा गोऱ्या भावंडांनी मॅकलेमोर रस्त्यावरचे एक बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेऊन तेथे ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. खुर्च्या काढल्या तरी जमिनीचा उतार तसाच राहिला, आणि त्या उताराने तेथील ध्वनीला एक निराळाच भारदस्तपणा दिला असे जाणकार सांगतात. चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात, जेथे पूर्वी खाऊ विकला जाई, तेथे एस्टेलबाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले होते. नवे गाणे तयार झाले की ते आधी गिऱ्हाइकांना ऐकवून पाहावयाचे. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर हा तरुण रस्ता ओलांडून गीतकार झाला. मांस-प्रक्रियेच्या कारखान्यात घाम गाळणारा आयझॅक हेझ त्याचा संगीतकार जोडीदार झाला. वादकांचा चौघांचा संच, 'बुकर टी अँड द एमजीज', त्यात काळे व गोरे दोन्ही. ज्या मेम्फिसमध्ये या चौघांना एकत्र बसून जेवण्यासाठीसुद्धा जागा निवडून जावे लागे, त्या मेम्फिसमध्ये दाराआड ही मंडळी रोज एकमेकांच्या तालावर वाजवीत होती. त्यांची एकत्र बसण्याची एक जागा म्हणजे लॉरेन मोटेल. त्या नावाशी पुढे आपल्याला परत यावयाचे आहे.

हेझ आणि पोर्टर यांनी सॅम आणि डेव्हसाठी जी गाणी रचली ती जोडीसाठीच रचली होती. एका गायकाचे गाणे घेऊन ते दोघांत वाटून द्यावे, असला प्रकार त्यांत नाही. पियानोभोवती उभे करून ते दोघांना चाल शिकवीत. मग वादक, गायक आणि तुतारी-सॅक्सोफोनवाले सारे एकाच दालनात, एकाच वेळी वाजवीत-गात आणि ध्वनिमुद्रण होई. ढोलवादक अल जॅक्सन व गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी ठेक्याचा जोरकस घाव अगदी केसभर उशिरा टाकण्याची खुबी साधली होती. ऐकणाऱ्याला वाटावे की आता ठोका चुकणार, आणि तो पडावा. सगळे गाणे त्या ताणावर उभे असे. या ताणलेल्या तालावर सॅमचा आवाज वर झेपावतो: टोकदार, अधीर, कधी किंचित फाटलेला. आणि त्याच्या पायाशी डेव्हचा आवाज उभा असतो: जाड, खरखरीत, जमीन न सोडणारा. सॅमची ओळ पुरी होण्याआधीच डेव्ह तिच्या शेपटाला धरतो. कित्येकदा दोघे एकच शब्द दोन निराळ्या क्षणी सुरू करतात व एकाच क्षणी संपवतात. याला सांगीतिक परिभाषेत काय म्हणतात ते तज्ज्ञांनी सांगावे. सामान्य श्रोत्याला एवढेच कळते की सॅम ज्या उंच्या जागा निर्धास्तपणे घेतो त्या, खाली कोणीतरी आहे या भरवशावर घेतो. डेव्हचे हे काम कौतुकाच्या नजरेत भरणारे नाही. भिंत रंगवणाऱ्याचे नाव होते, पाया भरणाऱ्याला कोण विचारतो?

१९६६ साली 'होल्ड ऑन, आय ॲम कमिन'' हे गाणे कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या जन्माची कथा लाजिरवाणी म्हणावी की गमतीची हे ज्याने त्याने ठरवावे. हेझ पियानोवर खोळंबून बसला होता, पोर्टर न्हाणीघरात होता, आणि हेझच्या हाकेला आतून त्याने जे उत्तर दिले तेच गाण्याचे शीर्षक झाले. पुढल्या वर्षी 'व्हेन समथिंग इज राँग विथ माय बेबी' हे संथ गाणे आले. प्रिय व्यक्तीला दुखले तर आपल्यालाही दुखते, इतकाच साधा आशय. पण दोन पुरुषांनी एकमेकांसमोर उभे राहून तो सांगितल्यामुळे त्यात शृंगारापेक्षा साक्षीचा भाव अधिक आहे.

आणि मग 'सोल मॅन'. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट शहरात भीषण दंगल उसळली, ४३ माणसे मेली. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पाहणाऱ्या हेझला एक गोष्ट जाणवली. कृष्णवर्णीयांनी आपल्या दुकानांवर 'सोल' हा शब्द लिहून ठेवला होता, ज्यायोगे जाळपोळ करणाऱ्यांनी ती वगळावीत. जाळपोळीतून घर वाचवणारा हा शब्द त्याने उचलला आणि त्यातून अभिमानाचे गाणे केले. क्रॉपरने सिगारेट लायटर तारांवर घासून त्यात गिटारचा तो प्रसिद्ध घसरता स्वर काढला, आणि गाण्याच्या ऐन भरात सॅमने त्याला नाव घेऊन शाबासकीची हाक मारली, ती तशीच तबकडीवर राहिली. हे गाणे अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दंगलीचा संदर्भ विसरून गोरी मुलेही त्यावर नाचली.

त्याच वर्षीच्या वसंतात 'स्टॅक्स'चा ताफा युरोपला गेला होता. ओस्लो येथील कार्यक्रमाचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात घामाने निथळणारे हे दोन तरुण ज्या आवेशाने रंगमंच व्यापतात तो पाहिला म्हणजे त्यांना 'डबल डायनामाइट' का म्हणत हे कळते. त्या दौऱ्यात शेवटी गाण्याचा मान ओटिस रेडिंगचा. तो काही लहान गायक नव्हे. पण या दोघांच्या पाठोपाठ रंगमंचावर जाण्याची पाळी पुन्हा आपल्यावर आणू नका, असे त्याने आपल्या व्यवस्थापकाला बजावल्याचे सांगतात. त्याच वर्षीच्या १० डिसेंबरला रेडिंग विमान-अपघातात गेला.

१९६८ साल उजाडले ते सर्व मोडण्यासाठीच. ४ एप्रिल रोजी त्याच लॉरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि काळे-गोरे एकत्र वाजवीत असलेल्या त्या चित्रपटगृहातली हवा पूर्वीसारखी राहिली नाही. त्याच सुमारास 'अटलांटिक' आणि 'स्टॅक्स' यांचे संबंध तुटले. स्ट्यूअर्टने १९६५ साली नीट न वाचता सही केलेल्या करारातील एका कलमान्वये आधीच्या ध्वनिमुद्रणांची मालकी 'अटलांटिक'कडे गेली, आणि उसने दिलेले सॅम व डेव्ह परत मागून घेण्यात आले. कंपनीच्या वहीत ही केवळ नावांची फिरवाफिरव होती. पण हेझ-पोर्टर, ते वादक आणि तो उतार मागे राहिला. पुढे अनेक ठिकाणी ध्वनिमुद्रणे झाली, पूर्वीचे यश काही आले नाही.

याच वर्षी डेव्हने घरातील भांडणात आपल्या पत्नीवर गोळी झाडली. ती वाचली, त्याच्यावर खटला झाला नाही. सॅमने त्याला सांगितले की मी तुझ्याबरोबर गाईन, पण तुझ्याशी बोलणार नाही. आणि सॅमच्याच सांगण्यानुसार पुढे जवळजवळ तेरा वर्षे रंगमंचाबाहेर ते एकमेकांशी बोलले नाहीत. १९७० मध्ये ते वेगळे झाले, पुन्हा एकत्र आले, पुन्हा फुटले. निराळ्या खोल्यांतून येऊन दोघे रंगमंचावर भेटत, एकमेकांच्या ओळी उचलत, भक्तीचा आणि प्रेमाचा कल्लोळ उडवीत, आणि दिवे मंद होताच निराळ्या दारांनी निघून जात.

डेव्हच्या त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि चांगला आवाज हा काही त्यावरचा उतारा नव्हे. सॅमचा संताप योग्यच होता. तथापि हा अबोला केवळ एका नैतिक निश्चयाचा परिणाम मानणे फार सोपे होईल. सततची भटकंती, पैशांचे वाद, मादक द्रव्ये या सगळ्यांचा वाटा त्यात होता. सॅमनेच पुढे १९८३ मध्ये आपल्या हेरॉइनच्या व्यसनाची उघड कबुली दिली. अबोल्याची डेव्हची बाजू आपल्यापाशी जवळपास नाहीच. आहे तो फक्त त्याचा आवाज, आणि त्या वर्षांतही तो दर रात्री, न बोलणाऱ्या माणसाच्या ओळीखाली, ठरलेल्या क्षणी हजर होत होता. सूर जुळण्यासाठी मने जुळावी लागतात असे आपण सहज बोलून जातो. या दोघांचे उदाहरण त्या समजुतीला गैरसोयीचे आहे.

१९७८ साली 'ब्लूज ब्रदर्स' या गोऱ्या विनोदी नटांच्या जोडीने 'सोल मॅन' गाऊन पुन्हा गाजवले, आणि मूळ जोडीलाही नवे आमंत्रण येऊ लागले. पण ३१ डिसेंबर १९८१ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत ते अखेरचे एकत्र गायले. नंतर डेव्हने एक दुसरा गायक सोबत घेतला. त्याचेही नाव योगायोगाने सॅमच, सॅम डॅनियल्स. त्या जोडनावाने कार्यक्रम सुरूच राहिले. खऱ्या सॅमने त्यावर कायद्याचा मार्ग धरला. कोणाचे नाव कोणाचे, हा वाद वकिलांना सुटण्यासारखा असेलही. पण डेव्हला दुसरा सॅम सापडूनही जुने गाणे सापडले नाही, आणि सॅमने एकट्याने किंवा मोठमोठ्या गायकांच्या साथीत जे गायले त्यातही ते नाही. ९ एप्रिल १९८८ रोजी आईच्या घरी ओसिलाला जात असता डेव्हची मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली. तो ५० वर्षांचा होता. १९९२ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये जोडीचा समावेश झाला तेव्हा अर्थातच सॅम एकटा उरला होता. दुसऱ्याच वर्षी तुटपुंज्या निवृत्तिवेतनाबद्दल ध्वनिमुद्रण कंपन्यांविरुद्ध कलावंतांनी जो दावा लावला त्यात तो अग्रभागी होता, हेही नोंदवले पाहिजे.

ज्यांनी ही गाणी ऐकलीच नसतील त्यांनी 'सोल मॅन'पासून सुरुवात करण्यास हरकत नाही. पहिले कडवे सॅमचे आहे, आणि त्याच्या आवाजाने आपण लगेच जिंकले जातो. मात्र तेवढ्यावर उठू नये. दुसरे कडवे डेव्ह म्हणतो.