फोनवरच्या मॅचचे पैसे नेमके कोण भरतं? आणि पुढे कोण भरणार?

मी सारसोळ्यात राहतो. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम इथून जवळच. २ नोव्हेंबर २०२५ ला तिथे भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. गंमत बघा, स्टेडियम एवढं जवळ असून आमच्यापैकी बहुतेकांनी मॅच फोनवरच बघितली. मग हा खेळ चालतो कोणाच्या पैशावर?

एका बॉलची किंमत

मॅच दाखवायचा हक्क लिलावात विकला जातो. यालाच मीडिया राइट्स म्हणतात. आयपीएलचे २०१८ ते २०२२ चे हक्क १६,३४७.५ कोटींना गेले होते. २०२३ ते २०२७ साठी तोच आकडा ४८,३९० कोटींवर गेला. मॅच ४१० धरल्या तर एका मॅचला साधारण ११८ कोटी, म्हणजे एका बॉलला जवळपास ४९ लाख! महिलांच्या डब्ल्यूपीएलचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले, म्हणजे मॅचला ७.०९ कोटी.

हा भाव वाढला कारण २०२२ मध्ये टीव्ही आणि डिजिटलचे हक्क वेगळे विकले गेले. टीव्ही डिस्ने स्टारने घेतलं, डिजिटल वायाकॉम१८ ने. दोन तगडे गिऱ्हाईक समोरासमोर आले की भाव चढणारच.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण: नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन्ही गिऱ्हाईक एक झाले आणि जिओस्टार तयार झालं. पुढच्या लिलावात समोर तेवढ्याच ताकदीचं कोणी नसेल, तर बोली कशाला वाढेल?

दुसरी: जाहिराती. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले. क्रिकेटवर जाहिरातींचा पाऊस पाडणारे हेच तर होते. ड्रीम११ चं नाव तर टीम इंडियाच्या जर्सीवरूनही गेलं.

तिसरी तांत्रिक आहे. सॅटेलाइटचा सिग्नल एकदा सोडला की तो दहा लोक बघोत नाहीतर दहा कोटी, खर्च जवळपास तेवढाच. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक फोनला सर्व्हरकडून वेगळा डेटा जातो. २ एमबीपीएसचा व्हिडिओ धरला तर तासाला साधारण ९०० एमबी. प्रेक्षक वाढले की बिलही वाढतं. म्हणून ‘सगळं फुकट’ कायम परवडत नाही आणि सबस्क्रिप्शन येतं.

फटका कोणाला?

आयपीएल तग धरेल. फुटबॉलचं बघा. याच डी. वाय. पाटीलवर मुंबई सिटी एफसी २०१४ मध्ये आयएसएल खेळली. लीग चालवणाऱ्या कंपनीचा फेडरेशनशी १५ वर्षांचा करार होता, वर्षाला ५० कोटींचा. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार आणि पुढचं काही ठरेना, म्हणून जुलैमध्येच हंगाम थांबवला. नोव्हेंबरमध्ये नव्या टेंडरला एकही बोली आली नाही. टीम होत्या, खेळाडू होते, पण लीग कधी सुरू होणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

अमेरिकेत तर कॉलेजचे सामनेही असेच विकले जातात. ‘बिग टेन’ या कॉलेज गटाने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. आता तिथेही लोक केबल सोडतायत, आणि २०२५ पासून कॉलेजेसना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली आहे. खर्च वाढला, पण पुढचा करार तेवढाच मोठा होईल याची खात्री नाही.

आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला टीव्हीचा पैसा जवळपास नाहीच. त्यामुळे तिथे बुडायलाही काही नाही. पण तिथूनच पुढे जाणाऱ्या मुलामुलींना व्यावसायिक लीगचा आधार लागतो, आणि तो याच पैशावर उभा आहे.

आयपीएलचा सध्याचा करार २०२७ च्या हंगामापर्यंत आहे. पुढच्या लिलावाची बातमी आली की नुसता मोठा आकडा बघू नका. बोली लावणारे किती होते, ते आधी मोजा.