डोंगरची वाट आणि लोकरीचीं वस्त्रें

डिसेंबर उजाडला कीं पुण्या-मुंबईच्या घरांतील मुलेंमुली पाठीवर पिशव्या बांधून उत्तराखंडांतील केदारकंठ्यासारख्या शिखरांची वाट धरतात. हें शिखर सुमारें ३८०० मीटर उंच. दिवसां चढतांना घामानें अंग भिजतें आणि रात्रीं तंबूबाहेर राहिलेलें पाणी गोठतें. ह्या प्रवासाची बांधाबांध पुष्कळ घरांतून वडील माणसेंच करून देतात, आणि कपाटांतला सर्वांत जाड स्वेटर पिशवींत कोंबला कीं आपलें कर्तव्य झालें असें त्यांस वाटतें. वस्तुतः स्वेटर किती जाड आहे, याहून त्याच्या आंत अंगालगत काय आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

बहुधा आंत असतो सुती गंजीफ्रॉक. आपल्या हवेंत त्यासारखें सुखाचें वस्त्र नाहीं. परंतु थंडींत तोच घात करतो. चढावर आलेला घाम तो शोषून घेतो, चिंब होतो आणि लवकर वाळत नाहीं. मग माथ्यावर विसाव्यासाठीं थांबतांच वारा लागतो. पाणी हवेच्या सुमारें २५ पट वेगानें उष्णता वाहून नेतें. तेव्हां ओला कपडा अंगावर असणें म्हणजे शरीराची ऊब बाहेर ओतीत राहणें होय. शरीराचें आंतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खालीं गेलें कीं हुडहुडी भरते, पुढें जीभ जड होते, पाऊल अडखळतें, विचार सुचत नाहीं. आणि हुडहुडी आपोआप थांबली तर तें बरें वाटण्याचें लक्षण नसून प्राणसंकट आहे. यासाठीं बर्फच पाहिजे असें नाहीं. भर पावसाळ्यांत हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर भिजून वाऱ्यांत सांपडलेल्या माणसासही ही अवस्था गांठूं शकते.

लोकरीची गोष्ट निराळी. तिचा तंतु आपल्या केसाच्याच जातीचा, केराटिन नांवाच्या प्रथिनाचा. त्याची वरची त्वचा पाण्याचा थेंब दूर सारते, परंतु आंतील गाभा बाष्प ओढून घेतो. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकें बाष्प पोटांत घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाहीं. उलट बाष्प शोषतांना ती थोडी उष्णताही देते. शिवाय तंतु नागमोडी असल्यामुळें त्यांच्यामध्यें हवा अडकून राहते, आणि ही अडकलेली हवा हीच खरी ऊब. आमच्या धनगरांनीं हें शास्त्र पुस्तकांत वाचलें नव्हतें; पण दख्खनी मेंढीच्या लोकरीचें, चिंचोक्याची खळ दिलेलें घोंगडें खोळ करून डोक्यावर घेतलें म्हणजे पावसांतही ऊब टिकते, हें त्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तें घोंगडें अंगालगत मात्र कोणी घेत नाहीं, कारण तें टोंचतें. ज्या तंतूची जाडी सुमारें ३० मायक्रॉनांहून अधिक, तो वाकत नाहीं, कातडीला बोंचतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) “मला लोकर सोसत नाहीं” असें म्हणणाऱ्या बहुतेकांस जाड तंतु सोसत नसतो एवढेंच. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर बारीक असते. अंगालगतच्या बंडीसाठीं १७ ते १९ मायक्रॉनांची घ्यावी. ती महाग पडते हें खरें. परंतु लोकरीला घामाची दुर्गंधी लवकर येत नाहीं, म्हणून आठ दिवसांच्या प्रवासास दोन बंड्या पुरतात. पैसे बेताचे असतील तर आधीं मोजे व बंडी घ्यावी, स्वेटर घरचा चालेल. मोज्यांत थोडें नायलॉन असलेलेंच बरें. निव्वळ लोकरीचा मोजा टांचेंत लवकर झिजतो. पश्मिन्याची शाल लग्नकार्यांत शोभून दिसते, तिला डोंगरावर नेऊं नये.

एका जाड कपड्याऐवजीं दोन-तीन पातळ थर असावेत. चढतांना काढतां येतात, थांबल्यावर घालतां येतात. विणलेल्या लोकरीतून वारा आरपार जातो, म्हणून सर्वांवर वारा अडविणारें पातळ जाकीट हवेंच. १९२४ सालीं एव्हरेस्टवर नाहींशा झालेल्या जॉर्ज मॅलरीचें शव १९९९ सालीं सांपडलें, तेव्हां त्याच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे असेच थर आणि वर गॅबर्डिनचें जाकीट होतें. पुढें त्या कपड्यांच्या प्रतिकृति करून २००६ सालीं एव्हरेस्टवर घालून पाहिल्या, तर त्या हलक्या व उबदार ठरल्या.

बाजारांत “वुलन” म्हणून मिळणारे पुष्कळ स्वेटर ॲक्रिलिकचे असतात. आंतील चिठ्ठीवर लोकर शेंकडा किती, हें वाचल्याखेरीज पैसे देऊं नयेत. चिठ्ठी नसेल तर शिवणींतला एक धागा चिमट्यांत धरून पेटवावा. लोकर जळक्या केसांसारखी वास मारते, आपोआप विझूं पाहते आणि तिची राख बोटांनीं चुरडते; ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण काळा मणी होतो. शेकोटीभोंवतीं बसणाऱ्यांनीं हा भेद विशेष ध्यानांत ठेवावा.

आतां निगेविषयीं. आमच्या लहानपणीं सोवळ्याची धाबळी रोज धूत नसत. ती दोरीवर वाऱ्याला टाकीत, आणि लोकर वाऱ्यानेंच शुद्ध होते असें आजी सांगे. ह्या सांगण्यांत तथ्य आहे. लोकरीनें ओढून घेतलेलें बाष्प मोकळ्या हवेंत निघून जातें, त्याबरोबर वासही कमी होतो. म्हणून मुक्कामावर बंडी रात्रभर टांगावी, धुणें क्वचित्. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लोकर खाऱ्या मातीनें व कुतप नांवाचीं कांबळीं रिठ्यानें शुद्ध करावीं असें आहे. पैकीं खारी माती आज वर्ज्य समजावी, कारण क्षारानें केराटिन कुजतें. धुण्याचा सोडाही त्याचमुळें नको. रिठा मात्र उत्तम.

धुतांना पाणी थंड किंवा फार तर कोंबट असावें. तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी व घासणें एकत्र आलें कीं ते एकमेकांत अडकून कपडा आटतो, आणि आटलेला स्वेटर पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. यंत्रांत धुण्याजोगी म्हणून विकलेल्या लोकरीचे खवले आधींच निष्प्रभ केलेले असतात. तिला हा नियम इतका कडक नाहीं. ओली लोकर दुबळी होते, म्हणून पिळूं नये. पंचांत गुंडाळून दाबावी व सावलींत सपाट पसरावी. दोरीवर टांगल्यास बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबतात.

प्रवासाहून आल्यावर कपडे न धुतां पेटींत ठेवणें ही मात्र चूक. कसरीचा पतंग स्वतः कांहीं खात नाहीं, त्याची अळी खाते. आणि घाम व अन्नाचे डाग असलेला भाग तिला विशेष प्रिय. कपडे धुवून, कडकडीत वाळवून, घट्ट तोंडाच्या पिशवींत ठेवावे. कसर लागल्याचा संशय आल्यास तीच पिशवी बर्फाच्या कपाटांत दोन आठवडे ठेवावी. डांबराच्या गोळ्यांचा मोह टाळावा. जेथें तान्हें मूल आहे तेथें तर त्या आणूंच नयेत. कांहीं मुलांच्या रक्तांतील तांबड्या पेशी त्यांच्या वाफेनें फुटतात आणि तीव्र कावीळ होते. जुन्या पेटींतून काढलेलें लोकरीचें कुंचडें अशा गोळ्यांसह बाळाच्या अंगावर कधींही घालूं नये. आधीं धुवून अनेक दिवस हवेशीर ठेवावें.