पीडीएफ फुकट, तरी स्पायरल कशाला?

आजकालच्या कॉलेजच्या मुलांना कागदी पुस्तक नकोच असतं, असं म्हणणाऱ्यांनी परीक्षेच्या तोंडावर एखाद्या कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहावं. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ दुकानदाराच्या नंबरावर जाते, पाठोपाठ सूचना येते : ‘पाठपोट काढा, स्पायरल मारून द्या.’ मोबाइलमध्ये फुकट असलेल्या मजकुरासाठी मुलं खिशातले पैसे मोजतात.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. २१ देशांतल्या १०,२९३ विद्यार्थ्यांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. अभ्यासासाठी त्यातल्या बहुसंख्यांनी कागदालाच कौल दिला होता. नेओमी बॅरन या अमेरिकी भाषाभ्यासकांनी भारतासह पाच देशांतल्या चारशेहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, लक्ष कशावर जास्त लागतं? ९२ टक्क्यांचं उत्तर होतं, छापील पानावर. तरीही वाचन पडद्यावर होतं, कारण तो मजकूर स्वस्त असतो, चटकन सापडतो आणि दप्तराचं ओझं वाढवत नाही. आवड आणि सोय यांची इथे गल्लत होते.

दुसरा समज जास्त चिवट आहे. मोबाइल हातात घेऊनच वाढलेल्या पिढीला पडद्यावरचंही तेवढंच समजत असणार, असं शिक्षकही धरून चालतात. मेरीलँड विद्यापीठातल्या ९० विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना तर पडद्यावरच जास्त समजतं असं वाटलं होतं. २०१७ च्या त्या प्रयोगात मजकुराचा मुख्य मुद्दा दोन्हीकडे सारखाच कळला. बारकावे मात्र कागदावर वाचलेलेच जास्त आठवले. पुढच्याच वर्षी ५४ अभ्यासांचा, सुमारे १ लाख ७१ हजार वाचकांचा एकत्रित आढावा आला. त्यातही पारडं कागदाकडे झुकलं, आणि २००० ते २०१७ या काळात ही तफावत मिटण्याऐवजी वाढलेली दिसली!

म्हणून सगळा दोष काचेला देऊन मोकळं होता येत नाही. इस्रायलमधल्या २०११ च्या एका प्रयोगात वेळ ठरवून दिली, तेव्हा पडदा आणि कागद बरोबरीत राहिले. वेळ विद्यार्थ्यांवर सोपवल्यावर पडद्यावर वाचणारे मागे पडले. ‘झालं समजून’ असं त्यांना जरा लवकरच वाटत होतं. २०१८ च्या आढाव्यात मात्र घाईच्या वाचनातच कागद जास्त पुढे होता, तेव्हा वेळेचं कोडं पुरतं सुटलेलं नाही.

त्याच आढाव्यात कथा-कादंबरीपुरता तर कागद-पडद्याचा हा फरक आढळलाच नाही. रात्री पांघरुणात मोबाइलवर कादंबरी वाचणाऱ्या मुलीला रागवायचंच असेल, तर जागरणावरून रागवावं.