मडक्यांतील इतिहास

शेत नांगरतांना मोहरांचा हंडा लागल्याच्या गोष्टी आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकल्या आहेत. अशीच एक गोष्ट, परंतु अक्षरशः खरी, इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत २०१० सालच्या एप्रिल महिन्यांत घडली.

डेव्ह क्रिस्प नांवाच्या एका गृहस्थांस फावल्या वेळीं धातुशोधक यंत्र घेऊन शेतें धुंडाळण्याचा छंद होता. या यंत्राच्या टोकाशीं तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह खेळविला म्हणजे जमिनींत दडलेल्या धातूंतही सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्याची चाहूल लागतांच यंत्र नाद करितें. फ्रोम गांवाजवळ असा नाद ऐकून त्यांनीं खणलें, तों सुमारें फूटभर खोलीवर एक लहान नाणें व मडक्याचें खापर लागलें. आंत काय असावें हें त्यांनीं ओळखलें. पण तेथेंच हात आवरला, खड्डा बुजविला आणि पुराणवस्तुसंशोधकांस कळविलें.

संशोधकांनीं तीन दिवस खपून मडकें थराथरानें रिकामें केलें व प्रत्येक थरांतील नाणीं निराळीं ठेविलीं. तीं भरलीं ५२,५०३! मडक्यासह वजन सुमारें १६० किलो. त्यांतील सर्वांत अलीकडचीं नाणीं कॅरॉशियस याचीं होतीं. यानें रोमची सत्ता झुगारून इ. स. २८६ ते २९३ पर्यंत ब्रिटनवर राज्य केलें.

आतां मौज पाहा. एखाद्यानें वर्षानुवर्षें सांठविलेल्या पुंजींत नवीं नाणीं वर असावयाचीं. येथें तीं बहुतेक मडक्याच्या अर्ध्याहून खालीं सांपडलीं! म्हणजे हें धन एकाच वेळीं ओतलेलें होतें. शिवाय मडकें इतकें पातळ, कीं भरल्यावर उचलतां न यावें. अर्थात् तें आधीं पुरून मग भरलें असलें पाहिजे. त्यावरून, ही दडविलेली ठेव नसून गांवकऱ्यांनीं देवतांस अर्पिलेला नैवेद्य असावा, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. क्रिस्प यांनीं घाईनें नाणीं उपसलीं असतीं, तर नाणीं राहिलीं असतीं, पण हें ज्ञान कायमचें नष्ट झालें असतें.

त्यांचें नुकसानही झालें नाहीं. तेथील १९९६ च्या कायद्यान्वयें ठेव्याचें मूल्य ठरलें. २०११ सालीं तो सॉमरसेटच्या संग्रहालयानें ३,२०,२५० पौंडांस घेतला आणि ती रक्कम शोधक व शेतमालक यांस मिळाली.

आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे: दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरांस लेखी कळविलें पाहिजे. विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्या शेतांत नांगराला खापर अडलें, तर हात घालण्यापूर्वीं क्षणभर थांबा. नाण्याची किंमत सोनार सांगेल; परंतु तें कोठें आणि कशाखालीं पडलें होतें, हें फक्त तेथील मातीच सांगूं शकते, आणि तीही एकदांच.